बंद पडलेला टेस्टर आणि तीन कोटेशनं

वाचकाचं पत्र

पुण्यात धायरीला राहतो, वायरमनचं काम करतो. लायसन्स स्वतःचं आहे, हाताखाली दोन पोरं आहेत. सोसायट्यांचा मेंटेनन्स, पेठांतल्या जुन्या घरांचं रिवायरिंग आणि हल्ली गाड्यांचे चार्जर बसवण्याची कामं, असा धंदा आहे. सगळ्या टेस्ट एकाच यंत्रात करणारा माझा टेस्टर शिडीवरून पडला. मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासणारी टेस्ट) चालतो, पण लूप (फॉल्ट झाला तर करंट ज्या वाटेनं फिरतो तिचा रोध मोजणारी टेस्ट) किंवा आरसीसीबीचं (लीकेज दिसलं की लाइन तोडणाऱ्या स्विचच्या टेस्टचं) बटण दाबलं की एरर येतो. सर्व्हिसवाले म्हणाले, मॉडेल बंद झालंय, बोर्ड मिळणार नाही. तपकीर गल्लीतून तीन कोटेशनं आणली, ती सोबत जोडलीत. एक भारी परदेशी यंत्र, फोनला जोडणारं, ते बजेटच्या बाहेर. दुसरं मधलं. तिसरं एकदम स्वस्त आणि त्यावर सगळ्या टेस्टची नावं छापलेली. भाचा म्हणतो इंग्लंडहून सेकंडहँड मागवू, निम्म्यात पडेल. मेव्हणा म्हणतो एकत्र यंत्र घेऊच नको, सुटी सुटी घे. लाखभर रुपये बाजूला काढलेत, ताणून सव्वा होतील. अर्थ टेस्टर जुना चार टर्मिनलचा आहे, तो चालू आहे. पुढे छतावरच्या सोलरची कामंही घ्यायचा विचार आहे. काय करू?

उत्तर

नमस्कार. मधलं घ्या. पण पैसे देण्याआधी ते तुमच्या एखाद्या ओळखीच्या डीबीवर (एमसीबी-आरसीसीबी बसवलेल्या मेन पेटीवर) लावून बघा. दुकानदार याला तयार नसेल तर दुकान बदला. तपकीर गल्लीत दुकानांना तोटा नाही, आणि एवढ्या रकमेचं गिऱ्हाईक कुणी सहज सोडत नाही.

आता कारणं. ती जरा लांबतील, कारण तुमची तिन्ही कोटेशनं वाचली आणि तिन्हींत ठळक छापलंय ते यंत्रात किती टेस्ट आहेत एवढंच. टेस्ट रिपोर्टवर सही तुमची असते. त्या रिपोर्टमधले कोणते आकडे तुमच्या कामात निर्णय फिरवतात आणि ते आकडे यंत्र कितपत खरे सांगतं, हे बघून यंत्र निवडायचं.

त्याआधी पडलेल्या यंत्राविषयी. मेगर चालतोय म्हणून ते अजून बॅगेत असेल, तर आजच बाहेर काढा. लीड आणि फ्यूज एकदा तपासून घ्या. बऱ्याच मॉडेलमध्ये बॅटरीच्या झाकणाखाली फ्यूज असतो आणि तो उडाला तर काही टेस्ट बंद पडून काही चालू राहतात. सर्व्हिसवाल्यांनी ते बघितलंच असेल. फ्यूज ठीक असेल तर विषय संपला. शिडीवरून पडून केसला बारीकशी जरी चीर गेली असेल, तरी त्यावर छापलेलं कॅट थ्री, कॅट फोर (यंत्र किती धोक्याच्या जागी लावता येतं त्याचा दर्जा) हे आता नुसतं छापील उरलं. चालू लाइनवर ते यंत्र लावायचं नाही. बंद सर्किटवर मेगर म्हणून वापरायचाच असेल, तर आधी १ मेगओहमचा माहीत असलेला रेझिस्टर लावून आकडा जुळतो का बघा. पोरांच्या हातात मात्र देऊ नका. ते घाईत चालू फेजवर लावून मोकळे होतील.

लूप

मेगर टेस्ट आणि कंटिन्युइटी (वायर शेवटपर्यंत अखंड आहे का) या दोन टेस्ट नावाजलेल्या कंपनीचं कुठलंही यंत्र नीट करतं. तिथे निवड अडत नाही. कंटिन्युइटी किमान २०० मिलिअँपिअर करंट सोडून मोजली जाते का, एवढं बघा. आयईसी ६१५५७ या मानकाच्या चौथ्या भागात तसं सांगितलंय. नुसता बझर वाजवणारी कंटिन्युइटी अर्थ वायरसाठी कामाची नाही. तुटत आलेली एक तार शिल्लक असली तरी बझर वाजतो.

खरी निवड लूपवर होते, आणि तुमच्या कामात लूपचे दोन अगदी वेगळे प्रकार येतात. कसब्यातलं किंवा नारायण पेठेतलं जुनं घर घ्या. महावितरणच्या लो टेन्शन केबलवरून कनेक्शन आलेलं आणि अर्थ म्हणजे घराचा स्वतःचा खड्डा. समजा खड्डा ४ ओहमचा आहे आणि ट्रान्सफॉर्मरच्या बाजूचा अर्थ १ ओहम. गिझरची बॉडी फेजला लागली तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर वाहतील. एमसीबी म्हणजे जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच, आणि सी कर्व्हचा एमसीबी झटक्यात नक्की उडायला रेटिंगच्या दहापट करंट लागतो. म्हणजे सोळा अँपिअरच्या सी कर्व्ह एमसीबीला १६० लागतात. ४६ वर तो आरामात काही सेकंद काढेल, आणि तेवढा वेळ बॉडी जिवंत राहील. अशा घरात माणूस वाचतो तो आरसीसीबीमुळे. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला हिशोबानं १६६६ ओहमचा अर्थसुद्धा चालतो, कारण ५० व्होल्ट भागिले ०.०३. पण कागदावर चालतंय म्हणून सोडू नका. शंभराच्या वर आकडा दिसला की मी तरी खड्डा उकरायला सांगेन. म्हणजे इथे लूपचा आकडा मोठा असतो. तो ५.२ आहे की ५.४ यानं काही बिघडत नाही.

आता नऱ्हे-आंबेगावकडची मोठी सोसायटी घ्या. आवारात ट्रान्सफॉर्मर, तिथून अर्थची पट्टी थेट मीटर रूमपर्यंत आलेली. इथे एमसीबीनं झटक्यात उडणं अपेक्षित आहे. सोळाच्या सी कर्व्हला लूप १.४४ ओहमच्या आत हवा, बत्तीसच्या सी कर्व्हला ०.७२ च्या आत. वायर थंड असताना मोजतो, लोडवर ती तापते, म्हणून त्याच्याही ८० टक्के धरा: १.१५ आणि ०.५७. चार्जरच्या बत्तीस अँपिअरच्या लाइनवर ०.५ दिसलं तर पास आणि ०.६५ दिसलं तर फेल. इथे मात्र दशांशानंतरचा पहिला आकडा खरा लागतो.

आणि मीटर रूममध्ये तर दुसरासुद्धा. समजा मेन स्विचपाशी यंत्रानं ०.०५ ओहम दाखवलं आणि बाजूला शॉर्ट सर्किट करंट ४६०० अँपिअर लिहिला. मग माहितीपत्रकात अचूकता बघा. बहुतेक ठिकाणी ‘अमुक टक्के, अधिक तीन डिजिट’ असं काहीतरी असतं. ते तीन डिजिट म्हणजे ०.०३. म्हणजे खरा आकडा ०.०२ पासून ०.०८ पर्यंत कुठेही असू शकतो आणि करंट ११,५०० पासून २,९०० पर्यंत कुठेही. १० किलोअँपिअरपर्यंतचा फॉल्ट तोडू शकणारा एमसीबी पुरेल की नाही हे अशा वाचनावरून ठरवता येत नाही. तुमचं मधलं कोटेशन याच जागी स्वस्तापेक्षा सरस आहे. त्यात जास्त करंट सोडणारी दोन वायरची टेस्ट आहे आणि डिस्प्लेवर तिसरा दशांश येतो. स्वस्तवाल्याच्या पत्रकात लूपची अचूकताच दिलेली नाही. जो आकडा विकणारा लिहून द्यायला तयार नाही, तो तुम्ही रिपोर्टमध्ये का लिहावा?

आरसीसीबी न उडवता लूप मोजायची सोय आता सगळ्याच यंत्रांत असते. त्यात करंट काही मिलिअँपिअरच सोडतात, त्यामुळे वाचन नाचतं. शेजारी लिफ्टचा ड्राइव्ह किंवा इन्व्हर्टर चालू असेल तर जास्तच. शिवाय काही आरसीसीबींच्या आतल्या कॉइलमुळे आकडा थोडा फुगतो. म्हणून ही टेस्ट सॉकेटवर करा, आणि आरसीसीबीच्या आधी, म्हणजे इनकमरवर, जास्त करंटची टेस्ट करून दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. दुकानात यंत्र तपासताना एकाच सॉकेटवर हीच टेस्ट पाच-सहा वेळा दाबा. दर वेळी आकडा दोन-चार शतांशांत राहिला तर ठीक. ०.४, मग ०.७, मग ०.५ असं आलं तर यंत्र परत द्या, कंपनी कुठलीही असो.

आरसीसीबी

आधी माहीत असलेल्या गोष्टी झटपट. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी निम्म्या करंटला, म्हणजे १५ ला, उडता कामा नये. ३० ला ३०० मिलिसेकंदांत उडायला हवा, आणि पाचपट म्हणजे १५० ला ४० मिलिसेकंदांत. हे सगळं तिन्ही कोटेशनांतली यंत्रं करतात. तुम्हाला याखेरीज दोन गोष्टी लागतील.

एक म्हणजे रॅम्प. करंट हळूहळू वाढवत नेऊन नेमका किती मिलिअँपिअरला उडाला ते यंत्र सांगतं. पावसाळ्यात तुम्हाला येणारे निम्मे फोन ‘आरसीसीबी सारखा पडतोय, नवीन टाका’ असेच असणार. रॅम्पमध्ये आरसीसीबी २४ ला उडाला तर त्याचा काही दोष नाही, लीकेज कुठेतरी सर्किटमध्ये आहे. १३ ला उडाला तर लगेच त्याला दोष देऊ नका. आउटगोइंग वायरी काढून पुन्हा रॅम्प लावा. तरीही १३ आला तर आरसीसीबी बदला. रॅम्प नसेल तर तुम्ही आरसीसीबी बदलत राहाल आणि गिऱ्हाईक फोन करत राहील.

दुसरी गोष्ट टाइप ए. गाडीच्या चार्जरमधून डीसी लीकेज येऊ शकतं, आणि साध्या टाइप एसी आरसीसीबीच्या कोअरमध्ये डीसी शिरलं की तो आंधळा होतो. खरं लीकेज असलं तरी उडत नाही. म्हणून चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी ओळखून तोडायची सोय असेल तर लाइनवर टाइप ए लावतात, नसेल तर टाइप बी. तुमच्या यंत्रात टाइप एसाठीचा अर्ध्या लहरीचा करंट सोडायची सोय हवीच. मधल्या यंत्रात ती आहे. टाइप बी आणि ६ मिलिअँपिअर डीसीची टेस्ट फक्त भारी यंत्रात आहे. महिन्याला चार-पाच चार्जर बसवत असाल आणि बहुतेकांत ६ मिलिअँपिअरची सोय आतच असेल, तर तेवढ्यासाठी आज बजेट ओलांडू नका. सोसायट्यांची वीस-तीस चार्जरची कामं मिळायला लागली की त्या कामाच्या पैशातून घ्या. गाडी जोडल्यासारखं भासवणारा अडॅप्टरसुद्धा तेव्हाच.

आपल्याकडची लाइन

परदेशी यंत्रं त्यांच्या देशातल्या शिस्तशीर लाइनवर तपासून येतात. इकडे सॉकेटमध्ये फेज डावीकडे आणि न्यूट्रल उजवीकडे असणं काही दुर्मीळ नाही. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दहा-पंधरा व्होल्ट दिसणं तर जुन्या घरात नेहमीचंच, आणि संध्याकाळी शेवटच्या खांबावरच्या घरात व्होल्टेज १९५ वर आलेलं तुम्ही बघितलंच असेल. काही यंत्रं अशा वेळी टेस्ट करायलाच नकार देतात. म्हणून विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा आणि उत्तर माहितीपत्रकात दाखवायला सांगा. किती व्होल्टपासून लूप टेस्ट चालते? न्यूट्रल-अर्थमध्ये किती व्होल्टपर्यंत चालते? फेज-न्यूट्रल उलटं असेल तर यंत्र सांभाळून घेतं की अडून बसतं? आणि पंप पॅनेलसाठी चौथा: दोन फेजमध्ये, ४१५ वर, लूप मोजता येतो का?

भाच्याच्या सेकंडहँडचं उत्तर इथेच येतं. इंग्लंडची लाइनही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचीच आहे, त्यामुळे यंत्र इथे चालेल, यात भाचा चुकलेला नाही. पण सोबत येणारी सॉकेटची लीड त्यांच्या चौकोनी पिनांची. आपल्या गोल पिनांच्या सॉकेटला ती लागत नाही, मग अडॅप्टर लावायचा, आणि त्या अडॅप्टरचा सैल संपर्क लूपच्या आकड्यात मिसळणार. आत साठवलेले पास-फेलचे तक्तेही त्यांच्या फ्यूजांचे. वॉरंटी इथे चालेल याची खात्री नाही, आणि कस्टम ड्यूटी, कुरिअर, इथे आल्यावरचं कॅलिब्रेशन धरलं तर ‘निम्म्यात’ कुठे राहिलं? पूर्वीच्या मालकानं ते शिडीवरून पाडलं होतं का, हेही जाहिरातीत लिहिलेलं नसतं. नको.

मेव्हण्याचं म्हणणं

हे मात्र अर्धं बरोबर आहे. मेगर, लूप टेस्टर आणि आरसीसीबी टेस्टर अशी तीन सुटी यंत्रं घेऊन तीन बॅटऱ्या, तीन लीडचे संच आणि तीन कॅलिब्रेशन सांभाळण्यात काही शहाणपण नाही. पण अर्थ टेस्टर वेगळा ठेवा. तुमच्याकडे जुना चार टर्मिनलचा चालू आहे असं पत्रात शेवटी लिहिलंय, मग या यंत्रात अर्थ टेस्ट नसली तरी चालेल. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

तसंही पुण्यात अर्थ टेस्टची अडचण यंत्रापेक्षा जमिनीत जास्त आहे. वीतभर मातीखाली काळा बेसॉल्ट. वर सोसायटीचं पार्किंग पेव्हर ब्लॉकनं मढवलेलं. टेस्टसाठी जमिनीत लागणाऱ्या दोन खुंट्या ठोकणार कुठे? खड्ड्यापासून करंटची खुंटी जितक्या अंतरावर, त्याच्या साधारण ६२ टक्क्यांवर व्होल्टेजची खुंटी, हे पुस्तकात ठीक आहे. इथे त्या ओळीत नेमकी कुणाची तरी गाडी लावलेली असते. झाडांच्या आळ्यात, बागेच्या कडेला खुंट्या लावा, ओळ थोडी वाकडी झाली तरी चालेल. मग मधली खुंटी थोडी पुढे-मागे करून तीन वाचनं घ्या. तिन्ही जवळपास सारखी आली तरच आकडा लिहा. खुंट्यांशिवाय, नुसता चिमटा लावून अर्थ मोजणारं यंत्र कुणी गळ्यात मारत असेल, तर ते एकमेकांना जोडलेले अनेक खड्डे असतील तिथेच काम करतं हे लक्षात ठेवा. एकट्या खड्ड्यावर ते काहीच सांगत नाही. जुन्या घरात, जिथे अर्थ म्हणजे फक्त घरचा खड्डा, तिथे इनकमरवर फेज ते अर्थ लूप मोजला तर त्यात खड्डा येतोच. खरा खड्डा त्या आकड्यापेक्षा कमीच असणार. वर्षभराच्या देखरेखीला एवढं पुरतं. अर्थची मोजणी कोरड्या ऋतूत, कोरड्या दिवशी करायची असते. सोसायटीची चेअरमन मंडळी मात्र ती जुलैत करून घ्यायला बोलावतात, कारण तेव्हा आकडा सुंदर येतो.

वाचलेल्या पैशात एक गोष्ट घ्या: मिलिअँपिअर मोजणारा लीकेज क्लॅम्प. साधा टाँग टेस्टर नव्हे. तो अर्ध्या अँपिअरच्या खाली काही खरं दाखवत नाही. फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र जबड्यात घ्या, लाइट बंद करायची गरज नाही, लीकेज तिथल्या तिथे दिसतं. ३० च्या आरसीसीबीवर नेहमीचं लीकेज ९ मिलिअँपिअरच्या वर गेलेलं दिसलं तर सर्किटं दोन आरसीसीबींवर वाटून द्या. पावसात पडणारे आरसीसीबी शोधताना मेगरपेक्षा हाच जास्त वापरला जाईल.

मेगरबद्दल थोडं

मेगर कुठलाही चालेल असं म्हटलं, तरी एक सोय असेल तर घ्या. टेस्ट सुरू करायच्या आधी कमी व्होल्टेजनं चाचपून, ‘इथे काहीतरी उपकरण जोडलेलं आहे’ असं सांगून थांबणारी यंत्रं आता मिळतात. फ्लूकच्या १६६४ एफसीमध्ये ही सोय आहे. ते आपल्या बजेटबाहेर आहे, पण सोय काय असते हे डेमोत बघून ठेवा. हल्ली प्रत्येक फ्लॅटमध्ये एलईडीचे ड्रायव्हर, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, वायफायचे स्विच. पोरांनी फेज-न्यूट्रलमध्ये ५०० व्होल्ट सोडले तर एका दाबात दहा हजारांचं नुकसान. ही सोय नसेल तर शिस्त पाळा: फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून अर्थशी टेस्ट, सर्ज प्रोटेक्टर काढून, आणि तो काढता येत नसेल तर त्या सर्किटला ५०० ऐवजी २५०.

आणि जुन्या लोकांचा ‘पन्नास भागिले पॉइंट’ हा हिशोब आता सोडा. तो १९८९ च्या आयएस ७३२ या वायरिंगच्या भारतीय मानकामधला. पन्नास पॉइंटच्या घराला त्यानं १ मेगओहम यायचा, शंभर पॉइंटला अर्धा. आताच्या पद्धतीनं ५०० व्होल्टवर किमान १ मेगओहम धरायचा, पॉइंट कितीही असोत. जुन्या वाड्यात लाकडी पट्टीवरच्या वायरिंगला श्रावणात १.२ येतो आणि मार्चमध्ये २०. दोन्ही पास. पण १.२ आला तेव्हा मालकाला लेखी कळवा.

फोनला जोडण्याची सोय

छान आहे, गरज नाही. सोसायटीला पीडीएफ हवा असतो, यंत्र कुठलं ते कुणी विचारत नाही. वहीत लिहा, रात्री एक्सेलमध्ये टाका. पोरगा हुशार असेल तर अर्ध्या तासाचं काम. यंत्राच्या आत वाचनं साठवायची सोय असेल तर ती पुरे. दर वर्षी पैसे भरायला लावणारं ॲप असेल तर त्यापासून लांबच राहा.

कंपनी कुठली?

तुम्ही थेट विचारलं नाही, पण तेच विचारायचं असतं. फ्लूक, मेगर (याच नावाची कंपनी), क्योरित्सु, मेट्रेल, सोनेल ही सगळी या कामातली जुनी नावं आहेत, आणि आपल्या नाशिकच्या मोटवाने आणि रिशभ यांचे नुसते मेगर नीट आणि परवडणारे असतात. मला यांतल्या कुठल्याही नावाचं वेड नाही. मी विचारीन ते हे: सर्व्हिस पुण्यात की मुंबईत की बंगळुरात? यंत्र दुरुस्तीला गेलं तर बदली मिळतं का? आणि लीडचा नवा संच कितीला, किती दिवसांत? लीड दर दोन-तीन वर्षांनी जातात. एका लीडसाठी दोन महिने थांबवणारी कंपनी नावाजलेली असून काय उपयोग?

स्वस्त यंत्राबद्दल एवढंच म्हणेन. पत्रकात आयईसी ६१५५७ चे कोणते भाग लागू आहेत ते लिहिलेलं हवं, आणि आयईसी ६१०१० प्रमाणे कॅट किती, किती व्होल्टला, हेही. मीटरच्या जागी काम करणार असाल तर कॅट फोर, ३०० व्होल्ट लागतं. डीबीवर कॅट थ्री चालतं. तिसऱ्या कोटेशनमध्ये ‘कॅट थ्री’ एवढंच लिहिलंय, पुढे व्होल्टच नाहीत. मीटर रूममध्ये फॉल्ट झाला तर काही हजार अँपिअर वाहतात. तिथे तुमचा हात आणि बसबार यांच्यामध्ये या यंत्राचं प्लॅस्टिक आणि आतला फ्यूज एवढंच असतं. त्यावर पैसे वाचवायचे नाहीत.

अजून एक. छतावरच्या सोलरची कामंही घ्यायचा विचार आहे असं लिहिलंय. सोलरच्या डीसी स्ट्रिंगवर हे यंत्र लावू नका. अशी बहुतेक यंत्रं ५००-६०० व्होल्टपर्यंतच सांगितलेली असतात, आणि उन्हात स्ट्रिंगचं व्होल्टेज त्याच्या वर जाऊ शकतं. शिवाय पॅनेलवर ऊन आहे तोवर ती लाइन ‘बंद’ होत नाही. सोलरचा टेस्टर वेगळा मिळतो. एखाद-दुसऱ्या कामासाठी तो भाड्यानं आणा.

खरेदीच्या दिवशी

यंत्रासोबत कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागा. नुसतं ‘पास’ लिहिलेलं नको. कोणत्या रेंजला खरं किती आणि यंत्रानं दाखवलं किती, असा तक्ता हवा. पुढची कॅलिब्रेशनं एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून वर्षाला एकदा करून घ्या. भोसरी-चिंचवड पट्ट्यात कारखान्यांमुळे अशा बऱ्याच प्रयोगशाळा आहेत, पण आधी फोन करून विचारा: लूप आणि आरसीसीबीची वेळ त्यांच्या मान्यतेच्या यादीत आहे का? पुष्कळ ठिकाणी फक्त मेगर आणि ओहमची रेंज तपासून सर्टिफिकेट देतात, आणि तुमचं काम तर लूपवरच अडलंय.

मधल्या अकरा महिन्यांसाठी घरी एक छोटी डबी करा: १ ओहमचा आणि १ मेगओहमचा, एक टक्क्याचे, चांगल्या वॉटचे रेझिस्टर, आणि स्वतःच्या घरचा एक ठरलेला सॉकेट. महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिन्हींवर वाचन घेऊन वहीत तारीख टाका. आकडा सरकायला लागला की तो त्या वहीत वर्षाच्या आतच दिसेल. लीड शून्य करायची टेस्ट दर वेळी करा. जुन्या लीडचा अर्धा ओहम रिपोर्टमध्ये शिरला की बत्तीसची चांगली लाइनसुद्धा फेल दिसते.

बॅटऱ्या चार्ज होणाऱ्या घ्या आणि महिनाभर काम नसेल तर काढून ठेवा. अल्कलाइन गळली की झाकणाखालच्या पट्ट्या गंजतात, आणि तो बिघाड वॉरंटीत बसत नाही. जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर नंबर घालून घ्या, क्रेडिट मिळेल. बिलावर, सर्टिफिकेटवर आणि यंत्राच्या पाठीवर सीरियल नंबर एकच आहे ना, ते दुकानातच बघा. डेमोचं यंत्र नव्याच्या खोक्यात घालून देण्याचे प्रकार होतात.